झाकणावरची पट्टी

हॉस्पिटलात तिला सगळे सिस्टर म्हणत, गल्लीत सिस्टर म्हणत, आणि एकोणीस वर्षं ऐकून ऐकून घरातही तोच शब्द रुजला होता. नवऱ्याने बायकोला सिस्टर म्हणणं बरं दिसत नाही, असं सासूबाईंनी सुरुवातीला दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा सांगायला गेल्या तेव्हा त्यांच्याच तोंडून "सिस्टर, अगं ऐक" निघालं आणि विषय मिटला.

तर या सिस्टरला एके दिवशी मेट्रनने बोलावून सांगितलं की, लहान मुलांच्या वॉर्डाची इन्चार्ज रजेवर चालली आहे आणि ती परत येईलसं दिसत नाही. "एक तारखेपासून दोन आठवडे तू सांभाळून बघ. दुसऱ्या शुक्रवारी मला हो की नाही ते सांग." या जागेवर सिस्टरचा अकरा वर्षं डोळा होता. पण कामाची वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसात, मध्ये दुपारी दीड तासाची सुट्टी. म्हणजे घरी यायला आठ. आणि त्या घरात आठ वाजता माणसं जेवायला बसत, स्वयंपाकाला नव्हे.

घरात माणसं चार, पण चारही कामाची. नवरा वजनमापे खात्यात निरीक्षक. दिवसभर दुकानादुकानांतून तराजू तपासायचे, खरे निघाले तर सील लावायचं, खोटे निघाले तर दुकानदाराचं तोंड बघायचं. सासूबाई दुपारी बारा ते पाच शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायच्या. लेक साडेअकराला कॉलेजला जायची ती सहाला यायची. स्वयंपाक तसा तिघांनाही येत होता. निरीक्षक कांदासुद्धा काट्यावर तोलून चिरत, त्यामुळे त्यांच्या हातचं जेवण रात्री दहाला मिळे. सासूबाईंची बोटं दिवसभराच्या सुईने आखडलेली असत. लेकीला पाकिटातलं उकळत्या पाण्यात टाकता येई. सिस्टर साडेचारला घरी येऊन हे सगळं एकटी उरकत असे, आणि "माझ्यावाचून या घरात पाणीसुद्धा उकळत नाही" हे वाक्य दिवसातून एकदा तक्रारीच्या सुरात म्हणत असे. तो सूर तक्रारीचाच होता असं तिला वाटायचं.

"स्लो कुकर घेऊ या," लेक म्हणाली. "माझ्या मैत्रिणीकडे आहे. सकाळी सगळं चिरून टाकायचं, बटण फिरवायचं आणि विसरून जायचं. संध्याकाळी तयार."

"शिट्ट्या किती होतात?" सासूबाईंनी विचारलं.

"शिट्टी नसते, आजी."

"मग शिजलं हे त्याला कळतं कसं?"

"त्याला कळायची गरजच नाही. ते नुसतं शिजवत राहतं."

"बरं, त्याला नको. मला कळायला नको?"

लेकीने खांदे उडवले. निरीक्षकांनी मात्र वही काढली. एक तारखेला दहा दिवस होते. त्यांतले आठ त्यांनी भांडं निवडण्यात घालवले. गोल की लांबट, आतलं भांडं चिनी मातीचं की पत्र्याचं, झाकण काचेचं की बंद, असे रकाने पाडले. सिस्टर म्हणाली, "एवढ्या वेळात माझा स्वयंपाक होऊन भांडीसुद्धा पालथी पडली असती." निरीक्षकांनी ते ऐकलं आणि आणखी एक रकाना पाडला. भांडी घासायला किती वेळ लागतो, तो.

शेवटी रविवारी दोघं दुकानात गेली, तर निरीक्षकांच्या पिशवीतून लिटरचं सरकारी माप बाहेर आलं. त्यांना बघून दुकानदाराचा चेहरा उतरला. "साहेब, मी वजनाचं काही विकतच नाही हो. मिक्सर विकतो."

"खोक्यावर सहा लिटर लिहिलंय," निरीक्षक म्हणाले. "पाणी आणा."

पाणी आलं. निरीक्षकांनी माप भरभरून भांड्यात ओतलं, बाकीची गिऱ्हाइकं गोळा झाली, आणि सिस्टर जाऊन पंख्यांच्या विभागात लांब उभी राहिली. "काठोकाठ भरलं तर सहा," निरीक्षकांनी निकाल दिला. "पण काठोकाठ भरून कोण शिजवतं? कामाचे साडेचार. चार माणसांना पुरे." मग त्यांनी तेच घेतलं. लांबट, आतलं चिनी मातीचं भांडं उचलून धुता येणारं, काचेचं झाकण, आणि पुढे एक साधी खुंटी: बंद, मंद, जास्त, नुसतं गरम. आकडे दाखवणारं घेऊ या, असा लेकीचा हट्ट होता. "आकडे दाखवणारी यंत्रं मी रोज पकडतो," ते म्हणाले. "एकदा आकडे दाखवायला लागलं की यंत्र खोटं बोलायला शिकतं."

त्या रात्री निरीक्षकांनी माहितीपुस्तिका सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. बटाटे-गाजरं तळाशी घालावीत. भांडं निम्म्याच्या वर भरलेलं असावं. आणि सर्वांत महत्त्वाचं, शिजत असताना झाकण उघडू नये. एकदा उघडलं की आतली वाफ जाते आणि शिजायला वीस मिनिटं जास्त लागतात.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" सिस्टर गणवेशाच्या घड्या घालता घालता म्हणाली. सगळ्यांनी म्हणजे बाकीच्यांनी.

आणि असं ठरलं की सिस्टरने दोन आठवडे स्वयंपाकात बोटसुद्धा घालायचं नाही. घर तिच्यावाचून आठला जेवलं, तर तिने मेट्रनला हो म्हणायचं. नाही जमलं, तर नाही म्हणायचं. सिस्टरने मान डोलावली. शितावरून भाताची परीक्षा करतात, इथे एका भांड्यावरून तिच्या अकरा वर्षांची व्हायची होती.

पहिल्या सोमवारी सकाळी सातला निरीक्षकांनी तोलूनमापून बटाटे, गाजरं, फरसबी, मसूर आणि कांदा भांड्यात रचला, पाणी घातलं आणि खुंटी मंदवर नेली. संध्याकाळी आठला सिस्टर आली, सगळे बसले, आणि पहिलाच बटाटा सासूबाईंच्या दाताखाली कर्रकन वाजला. त्या रात्री सगळी पाव आणि अंडी जेवली. मंगळवारी कर्र जरा कमी वाजलं. बुधवारी निरीक्षकांनी सकाळी साडेसहालाच भांडं लावलं, तरी तेच. शेवटी साडेनऊला एकदाचं शिजलं, तेव्हा लेक पुस्तकावर डोकं ठेवून झोपली होती.

"यंत्र खराब आहे," लेक म्हणाली.

"यंत्र मी तपासलंय," निरीक्षक म्हणाले, आणि त्यांनी भांड्यात पाणी ठेवून, थर्मामीटर लावून, शनिवार-रविवार दोन्ही दिवस पुन्हा तपासलं. यंत्रात खोट नव्हती. मग खोट माणसांत असणार, हे खात्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यांनी फ्रिजवर एक कागद चिकटवला: झाकण कोणी उघडलं, किती वाजता, का.

माणसं प्रामाणिक. दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी कागदावर दोन नोंदी होत्या. सासूबाईंच्या गोल अक्षरात: सव्वादहा, वास आला म्हणून. लेकीच्या तिरक्या अक्षरात: सव्वाअकरा, वास आला नाही म्हणून.

"दोन उघडण्यांची चाळीस मिनिटं," निरीक्षक म्हणाले. "आणि उशीर झालाय जवळजवळ दोन तासांचा. म्हणजे निदान तीन उघडणी बेपत्ता आहेत."

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. सिस्टरनेही बघितलं, आणि तेही चांगलं रोखून.

आता सांगायलाच हवं. दुपारी दीडला सुट्टी झाली की सिस्टर दहा मिनिटं चालत घरी येत होती. बूट बदलायला, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. दोन आठवड्यांत तिने बूट एकदाही बदलले नाहीत. घरात त्या वेळी कोणी नसे. ती सरळ स्वयंपाकघरात जाई, झाकण काढी, डावाने तळापासून ढवळी, बटाटा दाबून बघी, चव घेई, मीठ रोजच कमी लागे, तेही टाकी. मग चहा ठेवी, आणि चहा होईपर्यंत झाकण बाजूलाच पडलेलं असे. जाताना पुन्हा एकदा उघडून बघे. याला ती झाकण उघडणं धरतच नव्हती. सासूबाई उघडत ते उघडणं, लेक उघडे ते उघडणं. ती करत होती ती देखरेख. वॉर्डात राउंड घेताना पेशंटचं पांघरूण बाजूला केलं, तर त्याची नोंद कोणी ठेवतं का?

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, तसं बुधवारी झालं. पुन्हा बटाटे कच्चे. सिस्टरचा दिवस वाईट गेला होता, पाय ठणकत होते, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आई, तुम्हाला एक झाकण मिटून ठेवणं होत नाही का? माझं सगळं त्यावर अडलंय हो."

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "काल मी एकदा उघडलं, ते लिहिलंय. आज हात मागे बांधून बसले होते. बाराला दुकानात गेले, तोवर उघडलं नाही. शपथ घालायची तर घाल."

"मग कोणी उघडलं?"

"तू मुलांच्या वॉर्डात आहेस ना? कोण खोटं बोलतंय ते तुला तोंड बघून कळतं म्हणतेस." एवढं बोलून सासूबाई उठल्या आणि त्यांनी कच्चा बटाटा पुन्हा उकळायला ठेवला. सिस्टरला फार लागलं. आपण उगीच बोललो असं वाटलं, पण का वाटलं याचा विचार तिने पुढे केला नाही.

गुरुवारी निरीक्षकांनी खात्याचं हत्यार काढलं. छपाईत अक्षरं पुसट आली म्हणून कार्यालयाने बाद केलेल्या कागदी सिलांची एक गुंडाळी त्यांच्याकडे होती. सकाळी भांडं लावून झाल्यावर झाकण आणि भांडं यांना जोडून त्यांनी एक पट्टी चिकटवली, तिच्यावर आडवी सही मारली आणि तारीख टाकली. "आता उघडलं तर कळेल," ते म्हणाले. लेक म्हणाली, "बाबा, मसूर आहे हो आत, सोनं नाही."

दुपारी एक चाळीसला सिस्टर त्या सिलासमोर उभी होती.

काच वाफेने धुरकटलेली. आत काहीतरी मंद बुडबुडत होतं, पण शिजतंय की नुसतं तापतंय ते कळत नव्हतं. आज गुरुवार, उद्या मेट्रन. बघायलाच हवं होतं. बघितल्याशिवाय तिला परत जाता येईना. तिने कात्री घेतली आणि पट्टी अगदी सरळ कापली. झाकण काढलं, ढवळलं, चव घेतली, मीठ टाकलं. बरं होतं. झाकण लावलं, आणि मग तिला दिसलं की निरीक्षकांची सही मधोमध दुभंगली आहे.

पण हातांना काम माहीत होतं. गणवेशाच्या खिशात जखमेवर लावायच्या पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ होतं, ते रोजच असे. तिने सिलाची दोन्ही टोकं एकमेकांना बरोब्बर भिडवली, वरून बोटभर पट्टी लावली, नखाने हवा काढली, आणि एक टोक जरासं आत दुमडलं. काढताना पेशंटला दुखू नये म्हणून वॉर्डात दुमडतात, तसं. लांबून काही दिसत नव्हतं. ती समाधानाने परत गेली.

संध्याकाळी आठला सगळे टेबलाभोवती जमले. निरीक्षक चष्मा लावून झाकणावर वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. मग लेक वाकली. मग सासूबाई वाकल्या, त्यांनी बोटाने ते दुमडलेलं टोक चाचपलं, आणि त्यांच्या ओठांचे कोपरे हलायला लागले.

निरीक्षकांनी घसा खाकरला आणि पंचनाम्याच्या सुरात म्हणाले, "सील जागेवर आहे. मध्यभागी आडवी जखम आढळली. जखमेवर तातडीने मलमपट्टी करण्यात आली असून प्रकृती स्थिर आहे."

"टाके पडले नाहीत हे नशीब," लेक म्हणाली.

"हात मात्र हलका हो," सासूबाई म्हणाल्या. "माझं काजसुद्धा इतकं सरळ येत नाही."

सिस्टर कानशिलांपर्यंत लाल झाली. एकोणीस वर्षांत या घराने तिला चुकताना पाहिलं होतं, रडताना पाहिलं होतं, पण पकडलेलं पाहिलं नव्हतं. "मी फक्त बघत होते," ती म्हणाली.

"रोज?" निरीक्षकांनी विचारलं.

"रोज."

लेक हसून हसून खुर्चीतून घसरली. सिस्टरलाही हसू आलं, पण त्याच्या मागोमाग डोळ्यांत पाणी आलं आणि ती सासूबाईंना म्हणाली, "काल मी तुम्हाला काय काय बोलले."

"बोललीस खरी." सासूबाईंनी तिला अर्धा क्षण तसंच ठेवलं, कारण तेवढा त्यांचा हक्क होता. मग म्हणाल्या, "मी कारखान्यात जायचे ना, तेव्हा मीही यायचे अशी मधल्या सुट्टीत धावत. घर नीट आहे की नाही ते बघायला. ते नीट असायचं, आणि मला त्याचाच राग यायचा."

त्या रात्री जेवण पावणेनऊला झालं आणि कुणी त्याबद्दल बोललं नाही. सिस्टर अंथरुणावर पडून विचार करत राहिली. इतकी वर्षं माझ्यावाचून घर अडतं म्हणून ती दमली होती, आणि ते अडलं नाही तर आपलं काय, याची तिला भीती वाटत होती. शिवाय तो वॉर्ड. बावीस खाटा, सहा नर्सा, आणि सगळ्याची जबाबदारी तिची. भांडं हरलं असतं तर नाही म्हणायला आयतं कारण मिळालं असतं. आपणच रोज दुपारी येऊन ते कारण शिजवत होतो, हे तिला कळलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी ती निघाली तेव्हा झाकणावर सील नव्हतं. "आज नाही लावत," निरीक्षक एवढंच म्हणाले.

दीडला सुट्टी झाली. सिस्टर फाटकापर्यंत गेली. पाय सवयीने डावीकडे वळले. भांडं आता एकटं असणार, त्याला कुणी ढवळलेलं नसणार, बटाटे कसे असतील ते देव जाणे. ती फाटकाचा गज धरून थोडा वेळ उभी राहिली. मग मागे फिरली, जिना चढली, आणि मेट्रनच्या दारावर टकटक केली.

संध्याकाळी आठला ती घरी पोचली तर तिघंही टेबलाशी बसलेली, हातात चमचे, चेहरे परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखे. सासूबाईंनी खरंच दोन्ही हात मांडीखाली घातले होते. फ्रिजवरचा कागद कोरा. आणि झाकणावर आता एक पट्टी होती, पांढरी, तिच्या रिळासारखीच, वाकडीतिकडी लावलेली, आणि तिच्यावर निरीक्षकांच्या अक्षरात: उघडण्याचा अधिकार फक्त इन्चार्ज सिस्टरला.

"दिवसभरात कुणी हात लावला नाही," लेक म्हणाली. "आजीने वाससुद्धा घेतला नाही. नाक धरून दुकानात गेली."

सिस्टरने दुमडलेलं टोक शोधलं. टोक दुमडलेलंच नव्हतं, तेव्हा नखाने खरवडून पट्टी काढावी लागली. झाकण उघडलं. वाफेचा लोट उठला आणि निरीक्षकांचा चष्मा पांढरा झाला. बटाटा चमच्याने दाबला तर लोण्यासारखा दबला. आठ वाजून चार मिनिटं. निरीक्षकांनी घड्याळ बघून घेतलं.

वाढून झालं. चौघांनी एकदमच पहिला घास घेतला, आणि चौघंही एकदमच थांबली.

मीठ नव्हतं. अजिबात नव्हतं. निरीक्षकांना वाटलं होतं लेकीने घातलं असेल, लेकीला वाटलं आजीने. आणि झाकण उघडायचं नाही म्हणजे चवही घ्यायची नाही, हे पुस्तिकेत कुठे लिहिलेलं नव्हतं. रोज दुपारी ज्या हाताने मीठ पडत होतं, तो हात आज आला नव्हता.

निरीक्षकांनी चमचा खाली ठेवला. लेकीने मान खाली घातली. दोन आठवडे, आठ दिवसांची वही, सहा लिटर पाणी आणि एक पुसट सील, एवढं करून शेवटी पोराटोरांना कळणारी गोष्ट राहून गेली होती. "आता मेट्रनला काय सांगणार?" लेकीने हळूच विचारलं.

"सांगून आले," सिस्टर म्हणाली. "दुपारी दीडलाच. हो म्हटलं."

"पण तेव्हा तर तुला माहीतच नव्हतं," निरीक्षक म्हणाले. "आम्हाला जमेल की नाही ते."

"नव्हतं," सिस्टर म्हणाली आणि तिने दुसरा घास घेतला. मिठाचा डबा ओट्यावर होता, तिच्यापासून चार पावलांवर. उठावंसं वाटलं. फार वाटलं. तिने दोन्ही हात सासूबाईंसारखे मांडीखाली घातले आणि बसून राहिली.

"अगं, मीठ काय, वरूनही घेता येतं," सासूबाई म्हणाल्या, आणि निरीक्षक डबा आणायला उठले.